गावाचं पाणी किती माणसांना आणि किती पिकाला पुरेल? ताळेबंद मांडायची रीत

माणसं किती वाढली आणि वापर किती वाढला तर निसर्ग हात वर करतो, हा प्रश्न जगाच्या पातळीवर मांडला की हवेत राहतो. दख्खनच्या पठारावरच्या एखाद्या गावापुरता मांडला, तर दर ऑक्टोबरमध्ये त्याचं उत्तर टीसीएममध्ये, म्हणजे हजार घनमीटरच्या मापात, काढता येतं. त्यासाठी लागतं ते असं: एक टेप, एक 200 लिटरचा ड्रम, पर्जन्यमापक, गावाचा नकाशा आणि आठवडाभर फिरायची तयारी असलेली पाच-सहा माणसं.

महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी राहतं ते झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत. झिजलेल्या बेसाल्टमधून उपसता येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण 2 टक्के धरतात (1 ते 3 टक्के). म्हणजे 10 मीटर जाडीचा थर काठोकाठ भरला, तरी हाती लागतं 20 सेंटिमीटर उंचीचं पाणी. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीसारखा पिढ्यान्‌पिढ्या पुरणारा साठा इथे नाही. जे मुरतं ते वर्षभरात वापरून संपतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भरतं. म्हणून इथली मर्यादा वार्षिक आहे आणि म्हणूनच ती मोजता येते.

आधी मापं

1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर, अर्थात 10,000 लिटर पाणी. 1 टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, 10 लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर म्हणजे 1 टीसीएम. एकरात बोलायची सवय असेल तर एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे साधारण 1 लाख लिटर. सगळा हिशोब टीसीएममध्येच ठेवा. लिटर, घनफूट आणि एकर-इंच यांची सरमिसळ झाली की एखादं शून्य इकडचं तिकडे होतं आणि सभेत कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुढचं गाव नमुन्याचं आहे, आकडे रीत दाखवण्यापुरते. शिवार 1,000 हेक्टर, त्यातला 200 हेक्टर डोंगरउतार. पाऊस 500 मिलिमीटर. लोकसंख्या 1,500, मोठी जनावरं 600, शेळ्या-मेंढ्या 800.

पाऊस: सगळा आपला नाही

गावात पर्जन्यमापक नसेल तर महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा मिळतो. पण वळवाचा आणि परतीचा पाऊस शिवारागणिक बदलतो. मंडळाचं केंद्र दहा किलोमीटरवर असेल तर फरक शंभर मिलिमीटरच्या वर जाऊ शकतो. गावात दोन मापकं लावा, एक माथ्याला आणि एक पायथ्याला. झाड आणि भिंत यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर मोकळं हवं. रोज सकाळी साडेआठला नोंद, पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचा. रकाना मोकळा सोडला तर महिन्याभराने तो दिवस कोरडा होता की कोणी गेलंच नाही, हे कळत नाही.

नमुन्याच्या गावावर पडलेलं एकूण पाणी: 1,000 × 10 × 500 = 50 लाख घनमीटर, म्हणजे 5,000 टीसीएम. पुष्कळ ताळेबंद पहिल्याच पायरीवर इथे फसतात. हा आकडा फळ्यावर लिहिला की सगळ्यांना हायसं वाटतं. प्रत्यक्षात यातला मोठा भाग खरिपाची पिकं, गवत, झाडं आणि उघडी माती पावसाळ्यातच हवेत परत पाठवतात. तो वाया जात नाही, खरिपाची बाजरी, तूर, मूग त्याच्यावरच येतात. पण रब्बीसाठी तो शिल्लक नसतो. काही भाग ओढ्याने वाहून जातो, आणि तोही पूर्ण अडवायचा नसतो, कारण खालच्या गावाच्या विहिरी त्याच्यावरच भरतात. मुरतं ते थोडं. हिशोब त्या थोड्याचाच करायचा.

विहिरी मोजणं

या कामाचा गाभा हाच, म्हणून इथे घाई नको. मे महिन्याच्या शेवटी आणि पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच विहिरींची पातळी मोजायची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा घेते. गावानेही तेच महिने धरले तर सरकारी नोंदींशी ताडून पाहता येतं.

हजार हेक्टरला पंधरा विहिरी पुरतात, पण त्या विखुरलेल्या हव्यात. टेपच्या टोकाला जड नट बांधा. पहाटे, मोटार सुरू व्हायच्या आधी जा. मोटार बंद होऊन तासभरच झाला असेल तर विहीर अजून भरत असते आणि पातळी खोटी खोल दिसते. शेजारच्या विहिरीची मोटार चालू असेल तरीही तेच. कठड्यावर एका जागी रंगाची खूण करून दरवेळी तिथूनच टेप सोडायचा आणि कठड्याची उंची वजा करायची, म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते. बोअरमध्ये पाणी दिसत नाही. तिथे टेपच्या शेवटच्या दीड-दोन मीटरला कोरडा खडू घासा, टेप पाण्यात जाईल इतका खाली सोडा, वरचं वाचन लिहून घ्या, ओढून काढा आणि जेवढा खडू भिजला तेवढी लांबी वजा करा.

आता सरासरी. इथे मोठी चूक होते. माथ्यावर विहिरी कमी आणि नदीकाठी जास्त, त्यामुळे साधी सरासरी काढली की पायथ्याचा आकडा गावभर लागतो. शिवाराचे पट्टे पाडा. नमुन्याच्या गावात डोंगरउतार बाजूला काढून 800 हेक्टर उरतात (20 टक्क्यांहून जास्त उताराची जमीन भूजलाच्या मोजणीत धरत नाहीत). त्यात वरचा पट्टा 300 हेक्टर, तिथे पातळी सरासरी 2 मीटर वर आली. खालचा पट्टा 500 हेक्टर, तिथे 3.6 मीटर.

वरचा: 300 × 10,000 × 2 × 0.02 = 1,20,000 घनमीटर, 120 टीसीएम.
खालचा: 500 × 10,000 × 3.6 × 0.02 = 3,60,000 घनमीटर, 360 टीसीएम.
एकूण 480 टीसीएम.

खालच्या पट्ट्याचा आकडा 800 हेक्टरना लावला असता तर 576 आले असते. ते जादाचे 96 टीसीएम खडकात कुठेच नसतात. पण त्यांच्या भरवशावर कांदा लागतो आणि फेब्रुवारीत जळतो.

हा आकडा दुसऱ्या रीतीने तपासा. झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाच्या साधारण 7 टक्के पाणी मुरतं असं धरतात, सच्छिद्र आणि सांधे असलेल्या बेसाल्टमध्ये 13 टक्क्यांपर्यंत, अखंड पाषाणात जेमतेम 1 टक्का. 800 हेक्टरवर 500 मिलिमीटरचे 7 टक्के म्हणजे 280 टीसीएम आणि 13 टक्के म्हणजे 520. आपले 480 या दोहोंच्या मध्ये बसतात, ठीक आहे. बाहेर गेले असते तर विहिरी चुकीच्या निवडल्या आहेत किंवा पातळी चुकीच्या वेळी घेतली आहे, असं समजून पुन्हा मोजायला जायचं. पहिल्याच वर्षी मे महिन्याची नोंद नसते. तेव्हा 7 टक्क्यांचा आकडा धरून चालावं, अंदाज कमी निघाला तर नुकसान कोणाचंच होत नाही.

480 मधले 5 टक्के, म्हणजे 24, ओढ्या-नाल्यांत झिरपून आपोआप जातात. उरले 456.

बंधारे आणि शेततळी

सिमेंट नाला बंधाऱ्याचं पाणी पाचरीसारखं साठतं, भिंतीशी खोल आणि मागे निमुळतं. म्हणून भिंतीजवळच्या खोलीच्या निम्मी खोली धरायची. 200 मीटर मागे फुगवटा, 12 मीटर रुंदी, भिंतीशी 2 मीटर खोली: 200 × 12 × 1 = 2,400 घनमीटर, म्हणजे 2.4 टीसीएम. फलकावर लिहिलेली साठवण क्षमता नको, गाळ भरल्यावर आज जे पाणी दिसतं तेच मोजा.

बंधाऱ्यातलं पाणी मुरून विहिरीत जातं आणि विहिरीचं आपण आधीच मोजलं आहे. दोन्हीकडे धरलं तर तेच पाणी दोनदा जमा होतं. ऑक्टोबरमध्ये डोळ्यांना दिसणाऱ्या साठ्याचा निम्मा भाग धरावा. बाकीचा उन्हाने उडतो किंवा मुरतो. नमुन्याच्या गावात सगळ्या साठ्यांत मिळून 60 टीसीएम दिसतं, धरायचे 30.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याकडे नीट पाहा. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल, कडांना 1:1 उतार असलेलं तळं सुमारे 2.2 टीसीएम धरतं. ते ओढ्याच्या पुराने भरलं असेल तर जमेत घ्या. पण बऱ्याच ठिकाणी ते विहीर किंवा बोअर उपसून भरलेलं असतं. ते पाणी जमेचं नव्हे, ते सामाईक खडकातून काढून एकाच्या कुंपणात नेलेलं पाणी आहे. आणि खडकात असताना ज्याची वाफ होत नव्हती, त्याच्यातलं ऑक्टोबर ते मे मीटरभराहून जास्त उडून जातं, म्हणजे साठ्याचा जवळपास तिसरा हिस्सा. अशा तळ्यापुढे जमेच्या रकान्यात शून्य लिहायचं आणि भरलेलं पाणी खर्चात टाकायचं.

एकूण हाती: 456 + 30 = 486 टीसीएम.

खर्च: आधी प्यायचं

माणशी दिवसाला 55 लिटर हे जलजीवन मिशनचं माप. 1,500 × 55 × 365 = साधारण 30 टीसीएम. मोठ्या जनावराला पिणं-धुणं धरून 50 लिटर: 11 टीसीएम. शेळी-मेंढीला 6 लिटर: पावणेदोन टीसीएम. एकूण 43 धरू. हे पाणी वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला ठेवायचं, कागदावर नव्हे तर जागेवर: नळयोजनेच्या विहिरीभोवती कोणती मोटार मार्चनंतर चालणार नाही, हे आत्ताच ठरवून. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर 1993 च्या कायद्यापासूनच निर्बंध आहे. तो ग्रामपंचायतीने वाचून दाखवला तरी अर्धं काम होतं.

पाऊस लांबला तर म्हणून एकूण पाण्याच्या 10 टक्के राखीव ठेवा, इथे 49. शेतीसाठी उरले 486 – 43 – 49 = 394 टीसीएम. हीच या गावाची यंदाची मर्यादा.

खर्च: पिकं

ई-पीक पाहणीतून क्षेत्र मिळतं, पण रब्बी पेरायच्या आधी ते नसतं. म्हणून घरोघर विचारून यादी करायची: कोण काय लावणार, किती, कोणत्या विहिरीवर. सातबाऱ्यावर नसलेले बोअर इथेच सापडतात. पिकाला जमिनीतला ओलावा सोडून वरून द्यावं लागणारं पाणी साधारण असं धरा, हेक्टरी टीसीएममध्ये:

रब्बी ज्वारी, दोन संरक्षित पाणी (पीक तगवण्यापुरत्या पाळ्या): 1.2
हरभरा, तीन पाणी: 1.8
गहू: 4.5
कांदा: 6
चारापीक: 5
ऊस, पावसाचं वजा जाता: 20

काळ्या खोल जमिनीत एखादी पाळी कमी लागते, बरड माळावर एखादी जास्त. कृषी सहायकाला सोबत घेऊन आपल्या जमिनीप्रमाणे हे आकडे हलवा. मात्र एकदा ठरले की सगळ्यांना तेच लावा.

नमुन्याच्या गावाची मागणी अशी आली: ज्वारी 60 हेक्टर (72), हरभरा 40 (72), गहू 30 (135), कांदा 35 (210), चारा 10 (50), ऊस 8 (160). एकूण 699. हाती 394, तूट 305 टीसीएम.

मागणीचा आकडा कोणाला पटला नाही तर मोटारी मोजा. 200 लिटरचा ड्रम घ्या. आधी मापाच्या बादलीने भरून 200 लिटरला रंगाची रेघ मारा, कारण काठोकाठ भरलेला ड्रम त्याहून जास्त धरतो. मोटार अर्धा तास चालू द्या, मग डिलिव्हरी पाइपचं तोंड ड्रममध्ये धरून रेघेपर्यंत किती सेकंद लागतात ते तीनदा मोजा. 48 सेकंद लागले तर तासाला 15,000 लिटर. गावात अशा 120 मोटारी, विहिरीला तेवढाच वेळ पाणी टिकतं म्हणून रोज सरासरी तीन तास, हंगामात 80 दिवस, असं धरलं तर 120 × 45,000 × 80 = 432 टीसीएम उपसा. म्हणजे कागदावर 699 ची पिकं लावली तरी खडकातून निघतं ते इतकंच. उरलेलं पीक पाण्यावाचून वाळतं, आणि हे दर फेब्रुवारीत होतं. मोटारीच्या हॉर्सपॉवरवरून प्रवाह काढू नका. तीच पाच हॉर्सपॉवरची मोटार ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये वेगळं पाणी टाकते, कारण पाणी खोल जातं.

माणशी किती?

आता मूळ प्रश्नाकडे. गावातली 1,500 माणसं वर्षभर जे पाणी पितात, वापरतात, ते 30 टीसीएम. 8 हेक्टर ऊस घेतो 160, गावाच्या पाचपट. गावात उद्या आणखी 500 माणसं राहायला आली तर पिण्या-वापरण्याची मागणी 10 टीसीएमने वाढेल, अर्ध्या हेक्टर उसाइतकी. पाणी कमी पडलं की वाढती वस्ती, बाहेरून आलेले मजूर, मोठी कुटुंबं यांच्याकडे बोट दाखवायची सवय आहे. आकडे ते बोट पिकाकडे वळवतात.

पण म्हणून माणसांची संख्या गौण ठरत नाही. माणसाचं पाणी हंड्यात थोडं आणि ताटात जास्त असतं. माणशी वर्षाला 150 किलो धान्य धरलं तर या गावाला 2,250 क्विंटल लागतं. हेक्टरी 15 क्विंटल ज्वारी पकडली तर 150 हेक्टर. माणसं वाढली की हे क्षेत्र वाढतं, शिवार वाढत नाही.

शेतीचे 394 टीसीएम 1,500 माणसांत वाटले तर माणशी सुमारे 263 घनमीटर येतात. या पाण्यात काय पिकतं पाहा: दोन पाण्याची ज्वारी 22 गुंठे. किंवा गहू पावणेसहा गुंठे. किंवा कांदा सव्वाचार गुंठे. किंवा ऊस सव्वा गुंठा. लोकसंख्या 2,000 झाली तर पिण्याचे आणखी 10 टीसीएम वजा जाऊन वाट्याला येतात 192 घनमीटर, ज्वारी 16 गुंठे आणि ऊस गुंठाभरही नाही. हा एकच तक्ता मोठ्या अक्षरांत चावडीवर लावावा. माणसं आणि वापर, दोन्ही मर्यादेवर एकाच वेळी कशा दाब टाकतात ते त्यात दिसतं, आणि कोणत्या बाजूने दाब लवकर कमी करता येतो तेही.

माणशी वाटप ही कल्पना नवी नाही. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणसावर होता: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. भूमिहीनांनाही वाटा होता, ऊस नव्हता, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नव्हता. या एका चौकटीत वाटप, पीक आणि कुटुंबाचा आकार, तिन्ही मर्यादा बसतात. आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीतही कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान यांच्या रांगेत नसबंदी आहे, म्हणजे झाडं, चारा आणि माणसं यांचा एकत्र विचार आहे. ज्या गावांत मुली शिकल्या आणि उशिरा लग्न झालं तिथे हे सूत्र सक्तीवाचून साध्य होतं. ग्रामसभेने कुटुंबाच्या आकारावर ठराव करायच्या भानगडीत पडू नये, पिकावर करावा.

चाऱ्याचाही एक छोटा हिशोब ठेवा. लहान-मोठं मिळून जनावराला रोज सरासरी 7 किलो सुका चारा धरला तर 600 जनावरांना वर्षाला सुमारे 1,500 टन लागतात. कडबा, भुसा, गवत, बांधावरचा पाला यांची बेरीज तिथपर्यंत जात नसेल तर उरलेला चारा दुसऱ्या गावाच्या पाण्यावर पिकतो आहे. आपला ताळेबंद जुळला असं म्हणताना हे उसनं पाणी लक्षात ठेवावं. उलटंही खरं: हेक्टरी 100 टन ऊस आणि साखरेचा 10 टक्के उतारा धरला तर प्रत्येक किलो साखरेमागे गावाचं 2,000 लिटर पाणी ट्रकमध्ये बसून जातं. शहरातल्या वाचकाचा हिशोब या ओळीपासून सुरू होतो.

तूट कशी भरायची

305 टीसीएमची तूट नवे बंधारे बांधून भरणार नाही. 2.4 टीसीएमचा एक बंधारा मोसमात तीनदा भरून रिता झाला तरी सातच्या आसपास मिळतात. अशी चाळीस कामं व्हायला ओढा तेवढा लांब नसतो आणि पाऊसही नसतो. तूट मागणीतून काढायची.

ऊस काढला: 160 गेले, मागणी 539. गहू 30 वरून 10 हेक्टर: 90 गेले, 449. कांदा 35 वरून 25: 60 गेले, 389. मर्यादा 394, बसलं. आता उरलेला 25 हेक्टर कांदा ठिबक किंवा तुषारवर नेला, हेक्टरी 6 ऐवजी 4.5 लागले, तर 37 वाचतात. गव्हाच्या मोकळ्या झालेल्या 20 हेक्टरवर हरभरा घेतला तर 36 लागतात. जमीन पडीक राहत नाही आणि हिशोबही मोडत नाही.

ठिबकाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ठिबकाने शेतातलं पाणी वाचतं. गावाचं पाणी तेव्हाच वाचतं, जेव्हा वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढत नाही. अनुदान घेऊन ठिबक बसवायचं आणि उरलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर फळबाग लावायची, असं झालं की उपसा तेवढाच राहतो, उलट दुष्काळात बागेला पाणी तोडता येत नाही म्हणून टँकर लागतो. शिवाय पाटाने दिलेल्या पाण्यातलं काही परत मुरत होतं, तेही थांबतं. म्हणून ठिबकाच्या ठरावात क्षेत्राची मर्यादा लिहायची, नाहीतर ठराव करू नये.

ऊस कोणाचा काढायचा, हा खरा तंटा. उभं पीक मोडायला लावू नका. यंदाचा ऊस तोडेपर्यंत जाऊ द्या, खोडवा ठेवायचा नाही आणि नवी लागण नाही, इतकं ठरवा. उसाखालच्या विहिरीच्या मालकाला बदल्यात हरभरा-कांद्याचा वाटा आधी द्या. हिवरे बाजारने ऊस आणि केळी शिवाराबाहेर ठेवली, शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी ताळेबंद ग्रामसभेत मांडून पीक ठरवायची पद्धत घातली. ते जमलं कारण नियम सगळ्यांना एकच होता आणि सरपंच पोपटराव पवारांपासून तो पाळला गेला. सवलत पहिल्याला दिली की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही.

बोअरचं वेगळं सांगायला हवं. 2009 चा भूजल अधिनियम 2014 पासून लागू आहे. 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला तो खोल विहीर म्हणतो आणि शेतीसाठी नवी खोल विहीर घ्यायला मनाई करतो. या मनाईमागे कारण आहे. वरच्या थरातलं पाणी दरवर्षी भरतं. खोल भेगांतलं फार हळू भरतं, आणि ते उपसताना वरच्या विहिरींचंही ओढलं जातं. शेजाऱ्याची साठ फूट विहीर आटते ती पुष्कळदा याच कारणाने. खोल बोअरचं पाणी जमेच्या रकान्यात कधीही लिहू नका.

सभा आणि नंतरची मोजणी

ज्वारीची पेरणी आधीच सुरू झालेली असते, म्हणून सभा फार लांबवता येत नाही. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कच्चा ताळेबंद मांडा, विहिरींची मोजणी संपली की दहा दिवसांत पक्का. गहू आणि कांदा यांचा निर्णय तोवर थांबवता येतो. फळ्यावर तीनच आकडे लिहा: हाती किती, मागणी किती, तूट किती. बाकीची आकडेमोड वहीत, मागेल त्याला दाखवायला. कोणाच्या विहिरीची पातळी कोणी मोजली हे नावानिशी वहीत असू द्या. वाद झाला तर सभेतून उठून त्या विहिरीवर जाऊन पुन्हा टेप सोडता येतो, आणि त्याने बहुतेक वाद मिटतात.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याच विहिरी पुन्हा मोजा. ऑक्टोबर ते जूनचे नऊ महिने आणि रब्बीचा भर पाहता, जानेवारीपर्यंत पावसाळ्यात वर आलेल्या पातळीतली निम्मी उतरली असेल तर ठीक. नमुन्याच्या खालच्या पट्ट्यात 3.6 पैकी 1.8 मीटर. त्याहून जास्त उतरली असेल तर उन्हाळी पीक कोणीही लावायचं नाही आणि चाऱ्याचं क्षेत्र अर्धं करायचं, हा ठराव ऑक्टोबरमध्येच करून ठेवलेला असावा. जानेवारीत करायला गेलात तर ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो सभेला येत नाही.

दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की सारख्याच पावसाची दोन वर्षं शोधा आणि त्यांची ऑक्टोबरची पातळी शेजारी ठेवा. पाऊस तेवढाच आणि पातळी अर्धा मीटर खाली असेल तर गाव भरण्याहून जास्त उपसतं आहे. सरकारी वर्गवारीत दरवर्षी उपसण्याजोग्या भूजलाच्या 70 टक्क्यांपर्यंत उपसा सुरक्षित, 70 ते 90 अंशतः शोषित, 90 ते 100 शोषित आणि 100 च्या पुढे अतिशोषित. ती वर्गवारी मोठ्या क्षेत्राची असते. तुमचा पाणलोट सुरक्षित गटात असला तरी तुमचं गाव त्यात नसू शकतं. तशी घसरण दिसली तर पुढच्या ऑक्टोबरात राखीव 10 टक्क्यांवरून 20 वर न्या आणि कपात कांद्यापासून सुरू करा, ज्वारीपासून नको.